लाकडाचा कान

ते माझ्याशी बोलले तो पहिला शब्द होता, "थांबा."

मी कपाटासमोर उकिडवी बसले होते. हातात पॉलिशची पोटली, आणि ती आतल्या फळीला टेकायला वीतभर अंतर राहिलेलं.

"आतून नका लावू," ते म्हणाले. "बाहेरून काय हवं ते करा. आत नमुने राहतात. त्यांना हा वास सोसायचा नाही."

मी वळून पाहिलं. तिशी उलटलेला उंच माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, दोन्ही हातांत लाकडी ट्रे. ट्रेमध्ये जुन्या चपलांचे तुकडे असावेत तसं काहीतरी वाळकं, तपकिरी.

"नमुने म्हणजे काय, साहेब?"

"बुरशी. आणि साहेब नका म्हणू. साहेब वरच्या मजल्यावर बसतात."

"बुरशीला वास सोसत नाही," मी म्हटलं. "आणि बुरशीचा वास आम्ही सोसायचा."

ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. नवीन आलेला नमुना उलटून बघावा तसं – शांतपणे, आणि जरा जास्तच वेळ. मग "असेलही," एवढं म्हणून टेबलाकडे गेले.

ती खोली कॉलेजच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर होती. तिथल्या बारा कपाटांना नव्यानं पॉलिश करायचं काम आमच्या कारखान्याकडे आलं होतं. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, मागे लाकडाची वखार, आणि त्याला लागून आमच्या राहण्याच्या दोन खोल्या. एरवी अशा कामाला बाबा आणि मी दोघं जायचो. बाबांच्या हाताला त्या भागात तोड नव्हती. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात लोक भांग पाडून घेत. पण त्या वर्षी बाबा आजारी होते, म्हणून मी एकटी आले होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. आई लहानपणीच गेलेली. घरात बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. माझ्या लग्नाचा विषय आत्या दर आठवड्याला काढायची आणि बाबांच्या खोलीतून खोकला ऐकू आला की अर्ध्यात सोडायची.

त्या दिवसांत हवा दमट होती. पाऊस मोठा नव्हता, पण सारखी भुरभुर चाललेली. अशा हवेत लाखेचं पॉलिश पांढरं पडतं, दुधाचं बोट फिरवल्यासारखं. मग हात थांबवून ऊन पडायची वाट बघायची, दुसरा इलाज नाही. मी खिडकीपाशी स्टुलावर बसून राही. ते टेबलाशी त्यांचं काम करत. पहिले दोन दिवस आम्ही नुसते एका खोलीत होतो. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"हे आमच्या वखारीतही उगवतात," मी त्यांच्या ट्रेकडे बोट दाखवून म्हटलं. "पडीक ओंडक्यांवर. आम्ही त्यांना कान म्हणतो."

"कान?"

"लाकडाला कान फुटल्यासारखे दिसतात ना. हात लावा, कसे कडक असतात."

त्यांनी कागद ओढून काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"कान. चांगला शब्द आहे. आमच्या पुस्तकात इतका चांगला नाही."

"खातात का हो कुणी?"

"दात पडतील. शिजवलं तरी चामडं ते चामडंच राहतं."

"मग इतकं जपून काय ठेवता?"

ट्रेमधला एक कान उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "कारण मेलेलं लाकूड हे खातात. हे नसते तर पडलेलं प्रत्येक झाड आजवर तसंच पडून राहिलं असतं. आपल्याला चालायला जागा उरली नसती."

त्या दिवशी ऊन पडलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. कोणता कान कोणता हे कसं ओळखायचं ते त्यांनी मला दाखवलं. सगळे वरून बघतात – रंग, रेषा, चमक. ते आधी उलटा करत. खालच्या अंगाला बारीक भोकं असतात. काहींची सुईच्या टोकाएवढी, काहींची मधमाशीच्या पोळ्यासारखी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. मग कापून आतला रंग बघायचा. मग औषधाचा एक थेंब टाकायचा आणि तो काळा पडतो का ते पाहायचं. ओला असेल तर काचेवर ठेवून त्यातून काय भुकटी गळते ते बघायचं.

"तीन दिवस लागतात," ते म्हणाले. "तोवर मी नाव सांगत नाही. कुणालाही."

"आणि एखाद्याला घाई असली तर?"

"घाई असणाऱ्याला मी चहा देतो."

"आणि माणूस ओळखायला किती दिवस लागतात?"

त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. "माणसं माझ्या खात्यात येत नाहीत," ते म्हणाले. आणि उठून चहा करायला गेले.

घरी मी हे सगळं आत्याला सांगितलं. आत्या डाळ निवडत होती. "बुरशीवाला," ती म्हणाली. "लोकांच्या पोरींना डॉक्टर भेटतात, वकील भेटतात. आमच्या पोरीला बुरशीवाला."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू काही म्हटलं नाहीस. कानवाल्याचं नाव चौदा वेळा घेतलंस, तेवढंच."

नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. नाव मला अजून ठाऊकच नव्हतं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात ते कानवाले झाले.

बाबांच्या पोटात गाठ होती, यकृताला लागून. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं: ऑपरेशन करायला हवं, आणि ते लवकर. सोमवारची तारीख मिळाली होती. बाबा त्या तारखेला घाबरत होते. आयुष्यभर त्यांनी पटाशी आणि करवतीत दिवस काढले, एक बोट अर्धं गमावलं, तेव्हा तोंडातून हूं काढलं नव्हतं. पण भूल देऊन आडवं करतील आणि आपल्याला काही कळणार नाही, ही कल्पना त्यांना सोसत नव्हती. त्यातच एका गिऱ्हाइकानं त्यांना सांगून ठेवलं की लाकडावर एक चकचकीत तांबडी बुरशी उगवते, ती चाळीस दिवस उकळून प्यायली की गाठ विरघळते. हे कुणी पाहिलं होतं? त्याच्या मेहुण्याच्या शेजाऱ्यानं.

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी बाबांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी दिली.

"तुझ्या त्या कानवाल्याला दाखव," ते म्हणाले. "मागच्या ओंडक्यावर मिळाला. तोच असला तर ऑपरेशन नको."

मी पुडी उघडली. कान होता. तांबूस, आणि चकचकीत. आरसाच. मी अंगठा फिरवला… आणि बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांची मान किती बारीक झाली आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी पुडी बांधली आणि निघाले.

कॉलेजात त्यांनी एक छापील फॉर्म काढला. नमुना आला की तो भरायचा हा त्यांचा शिरस्ता. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं मी फार पुढे शिकले. पण मी ते त्यांना सांगितलं नाही. तेच प्रश्न वाचत गेले आणि मी उत्तरं देत गेले.

"कुठे मिळाला?"

"आमच्या वखारीत."

"कशावर?"

"मेलेल्या ओंडक्यावर. सात वर्षं पडून आहे."

"नमुना धुतला, पुसला, त्यावर काही लावलं?"

"मी नाही लावलं."

त्यांनी 'नाही' लिहिलं. मी खोटं बोलले नव्हते. मी खरंच काही लावलं नव्हतं.

मग मी बाबांचं सगळं सांगितलं. गाठ, सोमवार, चाळीस दिवस. सांगताना आवाज नीट होता. हात मी पाठीमागे धरले. बाहेर भुरभुर चालू होती, खोलीत दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. त्यांनी कान उलटा केला. खालचं अंग गुळगुळीत, फिक्कट. भोकं दिसत नव्हती इतकी बारीक. सरळ केला. चमक बघितली. पुन्हा उलटा केला.

"तीन दिवस," ते म्हणाले.

मी "बरं" म्हटलं. पण पाय हलेनात. मी तशीच उभी राहिले, टेबलाच्या त्या बाजूला, आणि ते मान खाली घालून बसले होते.

"बहुधा… तोच असावा," ते म्हणाले.

मला श्वास घेता आला.

"पण ऐका," ते घाईनं पुढे म्हणाले, "त्यानं गाठ जाते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. लोक म्हणतात, एवढंच. ऑपरेशन थांबवू नका. मी अजून कापूनही बघितलेला नाही. ऐकताय ना?"

मी मान हलवली. आणि घरी जाऊन बाबांना फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

बाबा त्या दिवशी पोटभर जेवले. शुक्रवारी सकाळी त्यांनी आत्याला हॉस्पिटलात पाठवलं, सोमवारची तारीख नको म्हणून सांगायला. आत्या जाताना मला म्हणाली, "तुझा कानवाला शहाणा आहे ना नक्की?" मी हो म्हटलं. त्या दिवशी मी कॉलेजात गेलेच नाही. हवा दमट आहे असं कारण स्वतःलाच दिलं.

शनिवारी दुपारी मी शेडमध्ये एका पलंगाचा पाय घासत होते. दारात सावली पडली. ते उभे होते. खांदे भिजलेले, चष्म्यावर थेंब. एका हातात पत्र्याची डबी, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. मला आधी आनंद झाला, हे कबूल करते. मग त्यांचा चेहरा दिसला.

त्यांनी कागद पुढे केला. "यात लिहिलंय."

"मला वाचता येत नाही."

त्यांचा हात तसाच राहिला. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इतके दिवस मी त्यांच्या तोंडून ऐकत होते आणि पाठ करत होते. त्यांना वाटलं असावं, मला ऐकायला आवडतं. तेही खरंच होतं.

"मला लिहून द्यायची सवय आहे," ते म्हणाले. "तोंडानं सांगायची…"

"तोंडानंच सांगा."

पलंगाचा पाय मी खाली ठेवला. भुशात तो आवाज न करता बसला.

"तो नाही," ते म्हणाले.

मी हातातला घासायचा कागद दुमडला.

"कापायच्या आधी मी कड स्पिरिटानं पुसून घेतली. नेहमीच पुसतो." त्यांनी डबी उघडली. आत कापूस होता, नारिंगी झालेला. "कापसावर रंग उतरला. मग सगळाच पुसला. खाली खरखरीत, मळकट, अगदी साधी साल निघाली. खालच्या अंगाला कसली तरी पांढरी भुकटी भरलेली होती. ती सुईनं काढली, तर आत पोळ्यासारखी मोठाली भोकं. त्या चकचकीत जातीची तशी नसतात." ते थांबले. "ही लाख आहे. मी वास घेतला तेव्हा मला… तुमची आठवण झाली. तेव्हा कळलं."

मी कापसाकडे बघत होते. तो रंग मला डोळे मिटूनही ओळखता आला असता. दोन हात पॉलिश. आणि त्याच्या आधी लांबी भरलेली, खडू आणि लाख एकत्र घोटून. लाकडाची भोकं बुजवायला आम्ही तीच भरतो. आणि ते काम इतकं सफाईनं करणारा हात त्या भागात एकच होता.

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडावर धरला. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"आत ये रे कानवाल्या. बाहेर काय कुजबुजताय."

बाबा पलंगावर बसले होते. कानवाले बाबांसमोर स्टुलावर बसले आणि सगळं पुन्हा, त्याच क्रमानं, सांगितलं. आवाज चढवला नाही, शब्द गाळला नाही. बाबांनी कापूस हातात घेतला, बोटांत चुरला, वास घेतला.

"दोन हातच दिले होते," बाबा म्हणाले. "तिसरा द्यायला हवा होता."

"दादा," आत्या म्हणाली. ती मोठी असूनही त्यांना दादाच म्हणायची. "कशासाठी रे?"

"ओळखायसाठी." बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, तिच्याकडे नाही. "लाकूड कोणतं ते कळत नसलं तर आपण काय करतो? एक हात देऊन बघतो. हात दिला की रेघा वर येतात, रंग खरा दिसतो. हा मळका होता. मी म्हटलं, वखारीची धूळ असेल, एक हात देऊन बघू. भोकं दिसली, ती भरली. भोकं दिसली की हात थांबत नाही माझा. मग तो चमकायला लागला. चमकला तसं वाटलं, हाच तो."

"पण चमकवला तुम्हीच ना," ते हळूच म्हणाले.

"हो." बाबांनी कापूस मुठीत घेतला. "ते विसरायचं होतं मला."

मग मी बोलले. बोलले नसते तर पुढचं आयुष्य कानवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नसता.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं. "पुडी उघडली तेव्हा. माझ्या अंगठ्याला कळलं. तुम्ही विचारलंत काही लावलं का, मी म्हटलं मी नाही लावलं. बाबांनी लावलं का हे तुम्ही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ऑपरेशन थांबवू नका असं म्हणालात, तेही मी घरी सांगितलं नाही."

मला वाटलं ते उठून जातील. त्यांच्या खोलीत अर्ध्या खऱ्याला जागा नव्हती, आणि तेच मी त्यांच्या फॉर्मवर लिहवून घेतलं होतं. त्यांनी चष्मा काढला, ओल्या सदऱ्याला पुसला. तो आणखी मळला.

"मीही तीन दिवस म्हटलं होतं," ते म्हणाले. "अकरा वर्षांत एकदाही त्याआधी नाव सांगितलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी विचारलं तरी नाही. त्या दिवशी तुम्ही टेबलासमोर उभ्या होतात… आणि मला तुम्हाला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. बस. त्यामुळे चूक तुमची एकटीची नाही."

आत्यानं पदर तोंडावरून काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"नाव काय त्या कानाचं?" बाबांनी विचारलं.

त्यांनी एक लांबलचक परकं नाव सांगितलं.

"एवढ्याशा कानाला एवढं नाव," आत्या म्हणाली.

"काय काम करतो तो?" बाबा म्हणाले.

"मेलेल्या लाकडावर उगवतो. ते हळूहळू खातो, भुसभुशीत करतो, मातीत परत घालतो. खाण्याजोगा नाही. विषारीही नाही म्हणतात, पण औषधाचा नाही. आपल्याशी त्याचं काही देणंघेणं नाही."

"जिवंत झाडावर नाही उगवत?"

"ही जात नाही. जिवंत लाकूड तिला आत घेत नाही."

बाबांनी पोटावर हात ठेवला, गाठ होती त्या बाजूला. "मग मला वाटतं मी –"

"तुम्ही लाकूड नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा कडक झाला. "लाकडाला ऑपरेशनला जाता येत नाही. तुम्हाला येतं."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. कामाला आणलेली फळी सरळ आहे का हे ते ज्या डोळ्यानं बघायचे, त्याच डोळ्यानं.

"तू असतास तर गेला असतास?"

"घाबरलो असतो," ते म्हणाले. "आणि गेलो असतो."

"सोबत येशील?"

"येईन."

सोमवारची जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. कानवाले रविवारी हॉस्पिटलात जाऊन बसले, आणि सोमवारी पुन्हा. तिथल्या तारखा देणाऱ्या बाईंना त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. गुरुवार मिळाला, एवढं कळलं. मधले तीन दिवस ते रोज दुपारी येत. बाबांशी लाकडाबद्दल बोलत बसत. बाबा त्यांना लांबी कशी घोटायची ते शिकवत आणि त्यांना ती जमत नसे. "नुसता खडू झालाय," बाबा म्हणत. "तुझी आपली बुरशीच बरी." आत्या चहा ठेवायला उठायची आणि मला उठू द्यायची नाही. मी दारातल्या पायरीवर बसून कपाटाची दारं घासत असे, आणि ते बोलता बोलता मध्येच थांबले की मला न बघताही कळे, ते कुठे बघताहेत ते.

एकदा जाताना ते पायरीपाशी थांबले. "कपाटं पाच राहिली आहेत," ते म्हणाले.

"येईन. हवा सुधारली की."

"हवेची वाट बघू नका. तुम्ही नुसत्या बसलात तरी चालेल."

मी घासायचा कागद उलटा करून पुन्हा सुलटा केला. "नुसतं बसायला कुणी मजुरी देतं का?"

"चहा देतात."

"त्याला घाई असावी लागते, म्हणाला होतात."

"मला आहे," ते म्हणाले, आणि छत्री तिथेच विसरून निघून गेले.

गुरुवारी सकाळी बाबांना आत नेलं. आत्या एका बाकावर माळ न घेताच बोटं मोजत बसली. मी आणि ते समोरच्या बाकावर. भिंतीला फिक्कट हिरवा रंग, जमिनीला औषधाचा वास. दोन तास झाले, तीन झाले. मी त्यांना विचारलं, "वाचतील का?"

ते माझ्याकडे वळले. काहीतरी चांगलं बोलायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, मला दिसलं. ते त्यांनी गिळलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

त्या घटकेला मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. गेले महिनाभर सगळेजण मला होईल हो बरं असं सांगत होते आणि मी प्रत्येकापासून लांब लांब गेले होते. हा एक माणूस माझ्याइतकाच अंधारात बसला होता, आणि तसं सांगत होता. मी माझा हात बाकावर ठेवला, दोघांच्या मध्ये. लाखेनं नखं कायमची पिवळी झालेला, भेगाळलेला हात. त्यांनी त्यावर आपला ठेवला. आत्यानं बोटं मोजणं थांबवलं नाही, पण तोंड दुसरीकडे फिरवलं.

डॉक्टर आले ते हसत आले नाहीत. गाठ बरीचशी निघाली, म्हणाले. थोडी रक्तवाहिनीला चिकटून आहे, ती काढता आली नाही. औषधं चालतील. वर्ष म्हणा, तीन म्हणा, कुणी सांगू शकत नाही. पण आणखी महिना गेला असता तर काहीच करता आलं नसतं. आत्या तिथेच जमिनीवर बसली.

बाबांशी बोलायची परवानगी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. आत्या घरी कपडे आणायला गेली होती. बाहेर लख्ख ऊन होतं, पॉलिशला हवं तसं. बाबा उशीवर इतके लहान दिसत होते की मला चादर सारखी करायचं निमित्त काढून मान वळवावी लागली. त्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं, मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या त्यांना.

"आलास," बाबा म्हणाले. आवाज कागदासारखा झाला होता.

"येईन म्हटलं होतं."

"डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय. उरलीय थोडी. मी म्हटलं, असू दे." त्यांनी दम घेतला. "तू हिला काही सांगितलंस का?"

ते लाल झाले. "अजून… नाही."

"किती दिवस घेणार आहेस? माझ्याकडे फार नाहीत."

"बाबा," मी म्हटलं.

"मी डोळे मिटतो. मला काही ऐकू येत नाही. सांग."

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले. कानवाले पलंगाच्या दांडीला धरून उभे. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सलाइनच्या बाटलीकडे. थेंब पडत होते. मी वाट बघत होते. ते इतका वेळ थांबले की बाबांचा श्वास लांब, संथ झाला. त्यांना खरीच झोप लागली होती.

"मला चांगलं बोलता येत नाही," ते शेवटी म्हणाले, हळू, बाबांना जाग येऊ नये म्हणून. "एकदा बोलायला गेलो तर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. म्हणून खात्री आहे तेवढंच सांगतो. तुम्ही खोलीत नसलात की मला काम सुचत नाही. तुम्ही घाबरलेल्या असाल तेव्हा मला तिथे असायचंय. हे दिवस वाईट येणार आहेत, तेव्हाही. आणि ते दिवस गेल्यावरही… तुम्ही हो म्हणालात तर."

मी पलंगाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. मला पुष्कळ बोलायचं होतं. मी त्यांच्याशी अर्धं खरं बोलले होते, त्याबद्दल. पुन्हा कधी तसं करणार नाही, याबद्दल. बाबांचे किती दिवस आहेत हे कुणालाच माहीत नसताना हो म्हणणं बरोबर की चूक, तेही मला कळत नव्हतं. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. माझं डोकं त्यांच्या खांद्याला टेकलं आणि तिथेच राहिलं.

"हो," मी म्हटलं.

बाबांना तासाभरानं जाग आली. आम्ही दोघं एकाच बाजूला उभे आहोत हे त्यांनी पाहिलं, आणि काही विचारलं नाही. माझं मनगट धरून मला जवळ ओढलं.

"मी अडीच वर्षं तरी राहीन," ते म्हणाले, कुणी मागितल्यासारखं.

ते तीन वर्षं राहिले.